नडग्या दुखताहेत, तरी तत्कार चालूच

प्रश्न : मुलगी १५ वर्षांची आहे, कथक शिकते. मध्यमा प्रथमची परीक्षा जवळ आल्याने रोज दीड तास घरी फरशीवर घुंगरू बांधून तत्कार, म्हणजे पाय आपटून बोल काढायचा सराव, करते. तीन आठवड्यांपासून दोन्ही नडग्या आतून दुखतात. बाम चोळून, क्रेप बँडेज बांधून नाचतेच. सवयीने दुखणं जाईल का?
– एक आई, भुसावळ

उत्तर : नाही ताई, असंच चालू ठेवलं तर वाढेल. आज तिला पाय लांब करून बसवा आणि नडगीच्या हाडाची आतली कड घोट्यापासून वर बोटाने दाबत जा. चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात सगळीकडे दुखलं, तर बहुधा हाडावरच्या आवरणावर ताण आलाय. पण रुपयाएवढ्या एकाच जागी ती कळवळली किंवा रात्री पडल्या पडल्याही ठणका लागत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. मग नाच त्याच दिवशी बंद करून अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत अशी चीर एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. ‘एक्स-रे नॉर्मल’ ऐकून लगेच घुंगरू बांधू देऊ नका. डॉक्टर गरजेप्रमाणे एमआरआय सांगतील.

फरशीखाली काँक्रीट असतं, ते तसूभरही दबत नाही. प्रत्येक ठोक्याचा हादरा नडगीत परत येतो, त्यात घुंगरांचं वजन. सतरंजीने काही होत नाही. जाड रबरी मॅटवर १८ मिमीचं प्लायवुड टाका, ते सरकत नाही ना ते पाहा.

चीर नसेल तरी दोन आठवडे पाय आपटणं बंद. पढंत (बोल तोंडाने म्हणणं) आणि बसून अभिनय चालू द्या. बर्फ फडक्यात गुंडाळून १५ मिनिटं लावा. हाड रगडू नका. अर्धा तास चालून दुखलं नाही की भिंतीला धरून टाचा उचलायच्या, सावकाश खाली आणायच्या, १५ वेळा, असं तीनदा. मग घुंगरांशिवाय ठाय म्हणजे संथ लयीत तत्कार १० मिनिटं, तेही एक दिवसाआड. दुगुन (दुप्पट लय) नंतर, चौगुन (चौपट) आणि घुंगरू सगळ्यात शेवटी. दुसऱ्या सकाळी दुखलं तर एक पायरी मागे या.

बारीक दिसायचं म्हणून ती जेवण तोडतेय का, हेही विचारा. अर्धपोटी नाचणाऱ्या मुलींची पाळी चुकते, हाडं कमकुवत होतात. पाळी तीन महिने आली नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. कळण्याची भाकरी, तिळाची चटणी, दूध पोटभर द्या.

क्लासमध्ये गुरूंना दुखणं सांगितलं नसेल तर तुम्ही स्वतः सांगा. परीक्षा वर्षातून दोनदा होते, पुढच्या सत्रातही बसता येईल.