नाशकात नव्याने सेवेला आलेल्या काका-काकूंसाठी

काका-काकू, आधी कागद. व्हिसा 180 दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून 14 दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करा. घरमालकाने तुमच्या मुक्कामाची ऑनलाइन माहिती 24 तासांत भरली का, हेही विचारा. गाडी बहुधा तिथेच अडते.

पांडवलेण्यांना सकाळी लवकर. पायऱ्या दोनशेच्या आसपास. गुडघे उतरताना बोलतात, काठी हवीच. 24 पैकी 3, 10 आणि 18 क्रमांकाची लेणी पाहिलीत तरी पुरे. त्र्यंबकेश्वराच्या मंदिरात प्रवेश फक्त हिंदूंना, तेव्हा बाहेरूनच बघा. नाशकातलं शरणपूर मात्र चुकवू नका: आफ्रिकेत फिरलेला मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन, त्याचा मृतदेह आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांतला जेकब वेनराइट इथल्या मिशनशाळेत शिकलेला.

आणि मिसळीची तर्री वेगळी मागा.