स्पॉन्सरने दिलेले पैसे कुणाचे?

प्रश्न : आम्ही पाच जणांनी गट करून पेशावरमध्ये निर्वासित म्हणून राहणाऱ्या एका अफगाण कुटुंबाला स्पॉन्सर केले. नवरा-बायको आणि तीन मुले असे हे कुटुंब चार महिन्यांपूर्वी कॅनडातील मिसिसागाला आले. गृहस्थांना उर्दू येते, त्यामुळे बँकेत, शाळेत, दवाखान्यात माझ्या हिंदीवरच सारा कारभार चालतो. त्यांच्या पत्नीला फक्त दरी ही अफगाणिस्तानातली भाषा येते. तिच्या वतीने बारा वर्षांची मुलगी बोलते. वाद पैशांवरून झाला आहे. गृहस्थ दरमहा थोडी रक्कम पेशावरला आईला पाठवतात, हे कळल्यावर आमच्यातील एकांनी ‘देणगीदारांचा पैसा यासाठी नव्हता’ असे म्हणत रक्कम देणे थांबवावे आणि आपणच किराणा आणून द्यावा, असा आग्रह धरला आहे. त्यातच गृहस्थ इंग्रजीचा वर्ग सोडून गोदामात कामाला जायचे म्हणतात. आम्ही त्यांना कुठवर सांगावे?
— एक वाचक, मिसिसागा

उत्तर : आधी पैशांचे पाहू. वर्षभर, किंवा कुटुंब त्याआधी स्वतःच्या पायांवर उभे राहिले तर तोवर, घरखर्च भागवण्याची हमी तुम्ही पाच जणांनी कॅनडा सरकारला लिहून दिली आहे. तो पैसा कुटुंबाने कशावर खर्च करावा हे ठरवण्याचा अधिकार त्या हमीबरोबर तुमच्याकडे आलेला नाही. ही माणसे इथे उतरली तेव्हाच या देशाची कायम रहिवासी झाली. तेव्हा ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखेला त्यांच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा करा आणि ती दिल्याची नोंद ठेवा, कारण सरकारने विचारले तर हिशेब तुम्ही काय दिले याचा द्यावा लागेल, त्यांनी काय खाल्ले याचा नव्हे. गिरणगावातला चाकरमानी खानावळीचे पैसे कसेबसे भागवून कोकणात आईला मनीऑर्डर करत असे, तेव्हा त्याला कुणी उधळ्या म्हटले नाही. तुमच्या सहकाऱ्यांना एवढे एकच सांगून पाहा. मुलांसाठीचा सरकारी भत्ता, म्हणजे कॅनडा चाइल्ड बेनिफिट, सुरू झाला असेल, तर तोही तुमच्या रकमेतून वजा करू नका.

किराण्याच्या पिशव्या पोहोचवण्याची कल्पना मात्र मनातून काढून टाका. ज्या बाईने परक्या शहरात निर्वासितपणात तीन मुलांचा संसार चालवला, तिला तांदूळ कोणता घ्यावा हे आपण शिकवायचे नसते. फार तर मायवेच्या बसने हलाल मांसाच्या दुकानापर्यंत कसे जायचे, हे एकदा सोबत जाऊन दाखवावे.

पैशांच्या वादापेक्षा मला तुमच्या पत्रातील दुभाष्याची बाब अधिक काळजीची वाटते, जरी तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे. पाळीच्या तक्रारी, रात्री दचकून जाग येणे, मागे घडून गेलेले काही, हे सारे त्या माउलीने डॉक्टरांना पोटच्या मुलीच्या तोंडून सांगायचे, म्हणजे ती सांगणारच नाही. आणि सांगितलेच, तर त्याचे ओझे बारा वर्षांच्या पोरीवर पडेल. यापुढे भेटीची वेळ घेतानाच दुभाषी हवा असे दवाखान्याला कळवा. ‘अफगाणी भाषा’ असे मोघम न म्हणता ‘दरी’ असे स्पष्ट सांगा, नाहीतर पश्तू बोलणारा माणूस मिळेल; दुभाषी स्त्री असावी, हेही त्याच वेळी सांगा. प्रत्यक्ष माणूस मिळत नसेल, तर फोन स्पीकरवर टेबलावर ठेवून दुभाष्याशी बोलता येते, आणि एका खोलीत तीन अनोळखी माणसे असण्यापेक्षा पुष्कळ बायकांना तेच बरे वाटते. घरमालकाचा करार किंवा बँकेचे कागद यांच्यासाठीही हेच करावे, कारण गृहस्थांची उर्दू आणि तुमची हिंदी गप्पांना पुरते, सहीला पुरेलच असे नाही.

नोकरीचा निर्णय त्यांचा. निर्णयापूर्वीची माहिती देणे तेवढे तुमचे काम आहे : ‘लिंक’ या नावाने चालणारे इंग्रजीचे सरकारी वर्ग कायम रहिवाशांना विनामूल्य आहेत, ते संध्याकाळीही भरतात, आणि पुढे नागरिकत्व मागताना १८ ते ५४ वयाच्या अर्जदाराला भाषेची किमान पातळी दाखवावी लागते. काही केंद्रांत मुले सांभाळण्याची सोय असते. तेव्हा वर्गाचा विचार पत्नीसाठीही करा, कारण घरात इंग्रजीविना अडकून पडण्याचा धोका तिलाच अधिक आहे.

खासगी स्पॉन्सरशिपची ही योजना मोठ्या प्रमाणावर प्रथम वापरली गेली ती १९७९-८० मध्ये. व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओसमधून तेव्हा आलेल्या सुमारे ६०,००० निर्वासितांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना खासगी स्पॉन्सरनीच आणले. स्पॉन्सरशिपचे वर्ष संपल्यावर सुरू होणाऱ्या ‘तेराव्या महिन्या’ची काळजी आजही प्रत्येक गटाला असते. तुमची रक्कम थांबते, औषधे, दात आणि चष्मा यांच्या खर्चाला हातभार लावणारा केंद्राचा आरोग्य आधार साधारण त्याच सुमारास संपतो आणि विमानप्रवासासाठी काढलेल्या सरकारी कर्जाचे हप्तेही त्याच सुमारास सुरू होतात. २०१८ पासून या कर्जावर व्याज नाही, पण हप्ता आहेच. तुमच्या हाती अजून आठ महिने आहेत. नवरा आणि बायको दोघांनाही बसवून, दरीच्या दुभाष्याच्या मदतीने, बाराव्या महिन्यानंतरच्या जमाखर्चाचा कागद आत्ताच मांडा. त्यात पेशावरला जाणारी रक्कमही लिहू द्या आणि गरज पडल्यास ‘ऑन्टारियो वर्क्स’ या प्रांतिक सरकारच्या साहाय्य योजनेकडे मदतीचा अर्ज कसा करायचा, तेही त्याच बैठकीत समजावून सांगा.