नावाची फोड करण्याआधी नाव ठेवणाऱ्याला गाठा

चमत्कारिक शास्त्रीय नावांची पुस्तिका करताय, लॅटिन कोश घेऊन नावांची फोड केलीत, तीन ठिकाणी तीन अर्थ मिळाले, आणि आता संपादक मंडळ 'प्रत्येक नावापुढे एका ओळीत अर्थ द्या' म्हणून बसलंय. याच जात्यात मीही भरडला गेलोय, म्हणून जरा लांब लिहितो. मी शास्त्रज्ञ नाही, लॅटिन-ग्रीक कामापुरतं येतं. चुकलं तर जाणकारांनी सांगावं.

द्विनाम पद्धत (प्रत्येक जिवाला दोन शब्दांचं शास्त्रीय नाव), ती रूढ करणारा लिनियस वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडतो.

खरी गोम त्या 'एका ओळी'त आहे. ज्या कार्यालयासाठी मी यादी करत होतो (नाव घेत नाही) त्यांच्या तक्त्यात 'अर्थ' असा एकच रकाना होता. तो रिकामा ठेवायचा नाही, त्यात 'अनिश्चित' लिहायचं नाही, मजकूर दुसऱ्या ओळीवर जाऊ द्यायचा नाही. चिंचेच्या टॅमरिंडस इंडिका या नावापुढे मी लिहिलं होतं की पहिला शब्द अरबी 'तम्र हिंदी', म्हणजे भारतीय खजूर, यावरून आला, दुसऱ्याचा अर्थही 'भारतातला', पण झाड मूळचं आफ्रिकेतलं. छापून काय आलं? 'मूळची भारतातील'. मागितला होता नावाचा अर्थ, छापला झाडाचा पत्ता, आणि तोही चुकीचा! दुरुस्ती पाठवली तर उत्तर आलं, नावातच दोनदा भारत आहे, मग शंका कसली? पुढे वाचकांनी चुका दाखवायला सुरुवात केली तेव्हा ती पत्रं मात्र न चुकता माझ्याकडे यायला लागली. संकलक म्हणून नाव माझं होतं ना.

म्हणून माझं (थोडं हट्टी) मत सांगतो. मंडळाशी भांडायचंच असेल तर एकाच गोष्टीवर भांडा: रकाने दोन हवेत. एक 'शब्दार्थ', दुसरा 'हे नाव का पडलं'. एवढं मिळालं तर निम्मी डोकेदुखी संपते. कारण ठेवणाऱ्यानं काय पाहिलं, काय ऐकलं आणि काय गृहीत धरलं, ते नावात उतरतं. तो जीव प्रत्यक्षात कसा आहे हा वेगळा विषय.

स्वर्गीय पक्ष्याचं पॅरॅडिसिया अपोडा हे नाव घ्या. अपोडा म्हणजे बिनपायाचा. पक्ष्याला पाय चांगले धडधाकट आहेत. युरोपात व्यापारातून जी कातडी पोचत ती पाय काढून तयार केलेली असत, आणि लिनियसनं 1758 मध्ये त्यावरूनच हे नाव ठेवलं. होहोबाच्या नावात 'चायनेन्सिस', म्हणजे चीनचा, असा शब्द आहे, पण झुडूप मेक्सिको आणि अमेरिकेच्या वाळवंटी पट्ट्यातलं. नमुन्याच्या चिठ्ठीवरचं 'कॅलिफ' कुणीतरी 'चायना' असं वाचलं, हे त्याचं नेहमी दिलं जाणारं कारण.

सगळ्यात वाईट नशीब ओव्हिरॅप्टर या डायनासोरचं. मंगोलियात अंड्यांच्या घरट्यावर सांगाडा सापडला, अंडी दुसऱ्याच डायनासोरची आहेत असं मानलं गेलं, आणि 1924 मध्ये ऑस्बॉर्न या अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञानं याला ओव्हिरॅप्टर, म्हणजे 'अंडीचोर', ठरवलं. नाव दिशाभूल करणारं ठरू शकतं, असा इशारा त्यानं स्वतःच त्याच लेखात देऊन ठेवला होता, हे लोक सांगतच नाहीत. 1993 मध्ये तशाच अंड्यात ओव्हिरॅप्टरच्याच कुळातला भ्रूण मिळाला. म्हणजे बिचारं जनावर बहुधा आपलीच अंडी उबवत होतं! पण नाव बदलणार नाही. प्राण्यांच्या नामकरणाच्या नियमांत 'अर्थ जुळत नाही' हे नाव रद्द करायचं कारणच नाही.

आता कोशाबद्दल. कोश उघडून काही उपयोगच होणार नाही अशीही नावं असतात. कूकाबुरा या ऑस्ट्रेलियातल्या पक्ष्याची प्रजाती (जीनस) 'डॅसेलो'. हा शब्द लॅटिनमध्ये नाही, ग्रीकमध्येही नाही. खंड्याच्या 'अल्सेडो' या नावाची अक्षरं उलटसुलट करून लीच या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं 1815 मध्ये तो बनवला. तसंच 'म्युइला' हे वनस्पतीचं नाव म्हणजे कांदा-लसणाच्या प्रजातीचं नाव 'अ‍ॅलियम' शेवटाकडून वाचलेलं. यांच्या शब्दार्थाच्या रकान्यात तुम्ही काय लिहिणार? (मी 'शब्दार्थ नाही, अक्षरांचा खेळ' असं लिहिलं होतं. ते 'एक प्रकारचा पक्षी' होऊन छापलं गेलं. असो.)

मग शोधायचं कुठे? मूळ वर्णनात. ज्या लेखात किंवा ग्रंथात नाव पहिल्यांदा प्रसिद्ध झालं तिथे. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या संकेतस्थळावर जुने ग्रंथ फुकट वाचता येतात. लॅटिनला घाबरू नका, तुम्हाला हवं ते बहुधा दोन-चार ओळींत असतं. आपटा आणि कांचन यांच्या 'बौहिनिया'ची फोड केलीत तर 'बौहिन यांच्या नावावरून' एवढंच हाती लागेल. हे बौहिन दोघे वनस्पतिशास्त्रज्ञ भाऊ होते आणि पानाचे दोन जोडलेले भाग त्यांच्यासारखे, ही गंमत लिनियसनं स्वतः लिहून ठेवली आहे. ती त्याला वाचल्याशिवाय कळत नाही. जुन्या लोकांनी पुष्कळदा कारण दिलेलंच नसतं. तेव्हा सरळ लिहा, 'नामकर्त्याने कारण दिलेले नाही'. ही माहितीच आहे, तिला रिकामी जागा समजणाऱ्यांशी वाद घाला.

पुस्तिकेत घ्याच अशी दोन नावं. नीलगाय: बोसेलाफस ट्रॅगोकॅमेलस. बैल, हरीण, बोकड आणि उंट असे चार प्राणी एका नावात, वर आपण तिला गाय म्हणतो. आहे ती कुरंग गटातली. दुसरा रातवा: कॅप्रिमुल्गस, म्हणजे शेळ्यांचं दूध काढणारा. तो रात्री शेळ्यांचं दूध पितो अशी युरोपातली फार जुनी समजूत होती. खातो किडे.

जाता जाता एक, विषयाला सोडून. मराठी परिभाषेत जीनस म्हणजे प्रजाती आणि स्पीशीज म्हणजे जाती. वर्तमानपत्रं सर्रास उलटं लिहितात. पुस्तिकेत काय वापरणार ते पहिल्या पानावर सांगून टाका, नाहीतर मुद्रितशोधक अर्ध्या ठिकाणी एक आणि अर्ध्या ठिकाणी दुसरं करून ठेवील. आणि अंतिम प्रूफ तुम्ही पाहिल्याशिवाय छपाईला जाणार नाही, हे मंडळाकडून आत्ताच लेखी घ्या.