पोटातूनच तसा होता

लातूर जिल्ह्यात समुपदेशनाचे काम करताना गरोदर स्त्रियांकडून आणि त्यांच्या सासवांकडून एक प्रश्न मला वारंवार ऐकू येतो: पोटातले लेकरू इतके हलते, तर जन्मल्यावर ते वांड निघेल का? बहुतेक वेळा हा प्रश्न हसत विचारला जातो आणि दोन-चार वाक्यांत संपतो. एका घरात मात्र तो तसा संपला नाही. त्या घरातील सासू-सुनेच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील वगळून, ती हकिकत येथे लिहीत आहे.

सून पंचविशीची, पहिलटकरीण, आठवा महिना नुकताच लागलेला. माहेरी आई नसल्यामुळे बाळंतपण सासरीच करायचे ठरले होते. गावातील आशाताईंनी तिला माझ्याकडे पाठवले, कारण तपासणीच्या दिवशी तिचे वजन मागच्या वेळेपेक्षा वाढलेले नव्हते आणि कारण विचारले तर ती नीट उत्तर देत नव्हती. काळ्या-पिवळीतून पाऊण तास प्रवास करून ती सासूबाईंबरोबर आली. मी चौकशी करत असतानाच बाळाने लाथ मारली; साडीवरूनसुद्धा ती मला दिसली. तिने चटकन तळहात त्या जागी दाबून धरला. चारचौघांत लेकराने काही आगाऊ बोलावे आणि आईने हळूच त्याचा हात दाबावा, तसा तो हात होता. सासूबाईंना थोडा वेळ बाहेर बसण्याची विनंती केल्यावर ती बोलू लागली.

"रात्री जेवलं की लई हालतंय, मॅडम. म्हणून आठ दिसांपासून मी रातची भाकरच सोडली. उपाशी राहिलं की उलीसं गप पडतंय."

भीतीचे मूळ तिच्या धाकट्या दिराच्या वागण्यात होते. तिशीतला हा माणूस दारू पिऊन घरात हात उगारतो, आणि सासूबाईंचे त्याच्याबद्दल एकच म्हणणे असते: हा पोटातूनच तसा होता, पोटात असताना याने मला एक रात्र झोपू दिले नाही. सुनेच्या पोटावरून हात फिरवताना त्या एकदा बोलून गेल्या की हेही त्याच्यासारखेच उड्या मारते. त्या दिवसापासून प्रत्येक हालचालीत सुनेला दीर दिसू लागला होता.

सर्वांत आधी मी तिच्या जेवणाबद्दल बोलले, कारण ते दुसऱ्या दिवसावर टाकता येण्यासारखे नव्हते. रात्रीचे जेवण त्याच दिवसापासून सुरू करायचे, थोडे थोडे पण वेळेवर खायचे, हे तिच्याकडून कबूल करून घेतले. जेवणानंतर आणि रात्री आडवे पडल्यावर हालचाल अधिक जाणवणे ही बहुतेक सगळ्याच गरोदर स्त्रियांच्या अनुभवाची गोष्ट आहे. दिवसभर आई कामात असते, चालण्या-वाकण्यात अनेक हालचाली तिच्या लक्षातही येत नाहीत. वार (बाळाला आईकडून पोषण आणि प्राणवायू पोहोचवणारा अवयव) गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला असेल तर लाथ गादीवर बसावी तशी मंद जाणवते, आणि पाठीमागे असेल तर तीच लाथ लख्ख कळते. म्हणजे दोन स्त्रियांना जाणवणाऱ्या हालचालींत जो फरक असतो, तो सगळा बाळांचा नसतो. खूप लाथा म्हणजे मुलगा, या समजुतीलाही काही आधार नाही, आणि ती ज्या हौसेने सांगितली जाते त्या हौसेची मला काळजीच वाटते.

तरीही "हालचालीचा आणि स्वभावाचा काहीच संबंध नाही" असे मी तिला सांगितले नाही, कारण ते पूर्ण खरे झाले नसते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील जॅनेट डिपिएट्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा नेटाने अभ्यास केला आहे. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, पोटात अधिक हालचाल करणारी बाळे तीन आणि सहा महिन्यांची असताना अधिक चळवळी, सांभाळायला अवघड आणि झोपेच्या-भुकेच्या वेळा न पाळणारी आहेत, असे त्यांच्या आयांनी सांगितले होते. एवढेच वाचून थांबले तर सासूबाईंचे म्हणणे खरे ठरते. परंतु 2002 साली त्याच गटाने पुढचा अभ्यास मांडला, आणि त्यात 36 व्या आठवड्यात जास्त हलणारी बाळे एक वर्षाची झाल्यावर अडवले असता कमी चिडताना आणि दोन वर्षांची झाल्यावर अनोळखी माणसांपुढे व नव्या वस्तूंपुढे कमी बुजताना दिसली. आपल्याकडे अशा मुलाला वांड न म्हणता धीट म्हणतात. या अभ्यासांतील बाळांची संख्या लहान होती, काही डझनांच्या घरातली. शिवाय हालचाल यंत्राने मोजलेली होती, आईला काय जाणवले त्यावरून ठरवलेली नव्हती. अशा अभ्यासातून पुष्कळ बाळांविषयी मिळून एक कल दिसतो, एका घरातल्या एका बाळाचे भाकीत त्यातून निघत नाही. आणि दोन वर्षांच्या मुलाचा धीटपणा किंवा बुजरेपणा कुठे, आणि तिशीतल्या माणसाने दारू पिऊन हात उगारणे कुठे. त्यांच्यामधल्या अंतरात अख्खे बालपण, शाळा, घरातली माणसे, कामधंदा आणि संगत असते.

तिला मी हे इतक्या विस्ताराने सांगितले नाही. एवढेच म्हटले की, जास्त हलणारे बाळ पहिले काही महिने झोपेचे खोबरे करू शकते, त्याची तयारी ठेवावी. माणूस म्हणून ते कसे निघेल हे लाथ सांगत नाही.

येथे माझ्या हातून एक चूक झाली आणि ती लिहिणे मी आवश्यक समजते. हालचालीला घाबरू नये हे पटवण्याच्या भरात, हालचाल कमी झाली तर काय करायचे, हे मी त्या दिवशी तिला सांगितलेच नाही. दोन आठवड्यांनी सकाळी तिचा फोन आला. आवाजात समाधान होते. "मॅडम, आता शांत झालंय. काल दुपारपासून जास्त हाललं न्हाई. बरं झालं न्हाई का?"

मी तिला बोलणे तिथेच थांबवायला सांगितले, नवऱ्याला फोन द्यायला लावला आणि आहे त्या स्थितीत, आंघोळ-स्वयंपाक काही न पाहता, दवाखान्यात निघायला सांगितले. पोटातले बाळ एरवी वीस ते चाळीस मिनिटांच्या डुलक्या घेते, क्वचितच दीड तासाहून अधिक वेळ गप्प राहते. वारेतून मिळणारा प्राणवायू कमी पडू लागला की बाळ आपली शक्ती वाचवण्यासाठी हालचाल कमी करते, म्हणून आईला जाणवणारे हे शांतपण संकटाची पहिली खूण असू शकते. दिवस भरत आले की बाळाला जागा कमी पडते आणि ते आपोआप थंडावते, ही समजूत आमच्या भागात फार पक्की आहे, पण ती चुकीची आहे. लाथेऐवजी लोळणे किंवा ढुशी जाणवेल, परंतु हालचाली प्रसूतीपर्यंत चालूच राहायला हव्यात. दवाखान्यात पोटाला पट्टा लावून बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढला, सोनोग्राफीत गर्भजल पाहिले, एक रात्र ठेवून घेतले. सारे व्यवस्थित निघाले. पुष्कळदा ते व्यवस्थितच निघते, परंतु घरी बसून ते कोणालाही ठरवता येत नाही.

त्या रात्रीनंतर आम्ही मोजणीची सवय लावली. रात्रीच्या जेवणानंतर डाव्या कुशीवर पडायचे आणि हालचाली मोजायच्या. दोन तासांत 10 व्हायला हव्यात, बहुतेक दिवशी त्या त्याहून कितीतरी आधी होतात. दहा झाल्या नाहीत, किंवा आकडा काहीही असो, रोजच्यापेक्षा बाळ मंद वाटले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. माता-बाल संरक्षण कार्डाच्या मागे ती रोज पेन्सिलीने वेळ लिहू लागली. तीच लाथ आता तिला हजेरीसारखी वाटू लागली होती, असे तिने पुढच्या भेटीत सांगितले.

मात्र घरातले ते वाक्य तसेच होते, म्हणून त्या भेटीत मी सासूबाईंशी वेगळे बोलले. मी त्यांना एवढेच विचारले की, मावशी, थोरला पोटात असताना किती हलायचा? त्यांना आठवेना. लेकीचे? तेही आठवेना. धाकट्याचे मात्र सगळे आठवत होते, आणि का आठवत होते ते त्यांच्याच तोंडून बाहेर आले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्यांना सातवा महिना होता. त्यांचे घर पडले नाही, पण भिंती तडकल्या. जवळच्या गावांतून येणाऱ्या बातम्या ऐकवत नव्हत्या, जवळजवळ दहा हजार माणसे त्या एका पहाटेत गेली होती. पुढचे कितीतरी दिवस आख्खे गाव घराबाहेर झोपत होते. गणपती बुडवून आलेली माणसे पुन्हा उठलीच नाहीत, असे त्या आजही सांगतात. पोटुशी बाई अंगणात पालाखाली आडवी, जमीन पुन्हा हलेल या धाकाने डोळ्याला डोळा नाही. अशा बाईला पोटातली प्रत्येक हालचाल जाणवणारच. "मी जागीच असायचे ना, माय," त्या म्हणाल्या आणि बोलता बोलता थांबल्या.

मी त्यांना काही समजावण्याची घाई केली नाही. आईच्या मनावरचा ताण पोटातल्या बाळापर्यंत पोहोचतो हे खरे आहे, आणि भूकंपाने त्या मुलावर काहीच परिणाम केला नसेल असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. परंतु त्यांच्याच सांगण्यात पुढे दहावीला सुटलेली शाळा होती, 2016 चा दुष्काळ होता, लातूरला रेल्वेने पाणी आले त्या उन्हाळ्यात कवडीमोल भावाने विकलेली बैलजोडी होती, आणि त्यानंतर सुरू झालेली दारू होती. हे सगळे त्यांना ठाऊक होते. तरी त्या पोटातल्या लाथांवर बोट ठेवत होत्या, कारण मूल पोटातूनच तसे असेल तर आईच्या हातून काही राहून गेले नाही, असे मनाला सांगता येते. तीस वर्षे त्या वाक्याने त्यांना आधार दिला होता. तो मला हिसकावून घ्यायचा नव्हता. "तुमच्याकडून काही कमी पडलं म्हणून तो असा झाला, असं मी म्हणत नाही मावशी," एवढे मी स्पष्ट सांगितले, आणि मग त्या बराच वेळ रडल्या.

डोळे पुसून त्यांनी अभिमन्यूचा दाखला दिला: तो नाही का पोटातच शिकला? मी म्हटले, अभिमन्यूने पोटात ऐकले असे आपण मानतो ना, मग हे लेकरू तुमच्या घरात काय ऐकत असेल? शब्दांचा अर्थ बाळाला कळत नाही, पण शेवटच्या महिन्यांत त्याला ऐकू येते, आणि नुकते जन्मलेले मूल इतर बायकांच्या आवाजातून आपल्या आईचा आवाज ओळखते हे 1980 साली अमेरिकेतील एका प्रयोगात दाखवले गेले आहे. अर्थ कळतो तो सुनेला, हेही मी जोडले.

स्वभावाविषयी बोलताना मला न्यूयॉर्कमधील अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांचे काम नेहमी आठवते. 1956 पासून त्यांनी शंभराहून अधिक मुलांचा लहानपणापासून वर्षानुवर्षे मागोवा घेतला. सुमारे 40 टक्के मुले सांभाळायला सोपी, 10 टक्के अवघड, 15 टक्के हळूहळू खुलणारी आणि उरलेली कोणत्याच गटात न बसणारी होती. स्वभावाचे वेगळेपण जन्मापासून असते हे त्यांनी मान्य केले, पण पुढे अडचण येते की नाही हे मुलाचा स्वभाव आणि घरच्यांच्या अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही यावर बरेच अवलंबून असते, असे त्यांना दिसले. या घरात तर बाळ जन्मण्याआधीच अपेक्षा ठरून गेली होती. पहिल्या रात्री रडले की "बघ, म्हटले नव्हते" हे शब्द तयार होते, आणि तसे ऐकत वाढणारे मूल त्या शब्दांना कसे जागते हे मी इतर घरांत पाहिलेले आहे.

दिराच्या व्यसनाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. तो एकदा माझ्याकडे येऊन गेला, पुन्हा आला नाही. सुनेच्या सुरक्षिततेची व्यवस्था मात्र आम्ही तिच्या नवऱ्याशी बोलून आधीच करून घेतली, आणि रात्री दीर पिऊन आला तर ती चुलत सासऱ्यांच्या घरी झोपायला जाते.

मुलगी झाली, दिवस भरून, व्यवस्थित. चौदाव्या आठवड्याच्या लसीसाठी आल्या तेव्हा दोघी सासू-सुना मला भेटून गेल्या. पोर माझ्या खोलीत शिरल्यापासून हातपाय झाडत होती, आणि थोड्याच वेळात तिने असा काही सूर धरला की बाहेर बसलेल्या बायका आत डोकावू लागल्या. सुनेने घाबरून सासूबाईंकडे पाहिले. त्यांनी नातीला खांद्यावर घेतले, घड्याळाकडे एक नजर टाकली आणि तिला आईच्या मांडीवर देत म्हणाल्या, "पाज तिला. वेळ झाली तिची."