वॉकीटॉकी नव्हती तेव्हा गार्ड ड्रायव्हरशी बोलायचा कसा?

प्रश्न: सर, मी कुळे स्टेशनजवळ राहतो. घाट चढायला मालगाडीला मागून बँकर इंजिनं लावतात तेव्हा ड्रायव्हर-गार्डचं वॉकीटॉकीवर बोलणं कानावर पडतं. हे नव्हतं तेव्हा काय करायचे? आणि रेडिओ एवढा जुना, मग रेल्वेत इतका उशिरा का आला?
(एक वाचक, कुळे)

उत्तर: आधी सगळा कारभार शिट्टीवर चालायचा बघा. पुढच्या इंजिनानं ठरलेली शिट्टी द्यायची, मागच्यानं तशीच परत द्यायची आणि मग दोघांनी जोर लावायचा, गार्ड दिवसा झेंडी दाखवणार, रात्री बत्ती. आता कुळे ते कॅसलरॉक चढ १:३७ चा, त्यात बोगदे, वळणं आणि जुलैचा पाऊस, मागची बत्ती पुढे दिसणार कशी? म्हणून हा प्रश्न घाटातल्या माणसानं विचारला याचं मला नवल वाटलं नाही.

रेडिओची खरी सुरुवात अमेरिकेत झाली, कारण तिथे गरज मोठी होती. मालगाड्या मैलभर लांब, गार्डचा डबा म्हणजे कबूस अगदी शेवटी, मधल्या वॅगनचं ॲक्सल तापून धूर निघाला तर मागच्याला दिसायचं पण पुढे सांगणार कसं, शेवटी ब्रेकचा व्हॉल्व्ह उघडून गाडीच थांबवायची.

प्रयत्न मात्र फार आधीपासून चालू होते. १८८७ मध्ये ग्रॅनव्हिल वुड्स या कृष्णवर्णीय संशोधकानं चालत्या गाडीतून तारसंदेश पाठवायचं पेटंट घेतलं, गाडीवरची कॉइल आणि रुळालगतची तार यांचा एकमेकींना स्पर्श न होता संदेश जायचा. एडिसननं त्यावर हक्क सांगितला आणि वुड्स जिंकला, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे आणि ते माहीत असायला हवं. पुढे १९१३ मध्ये लॅकवाना रेल्वेनं धावत्या गाडीवर मार्कोनीची वायरलेस बसवून स्क्रँटन आणि बिंगहॅमटन स्टेशनांशी संपर्क साधून दाखवला.

मग उशीर का? तर रेडिओतल्या ट्यूब काचेच्या आणि इंजिनाचे धक्के जबरदस्त, वीज लागायची भरपूर पण कबूसमध्ये ती आणणार कुठून, वर खरखर इतकी की माणसाचा आवाज त्यात हरवायचा. खरखरीवर उपाय सापडला तो एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन संशोधकाच्या एफएम पद्धतीमुळे, त्याचं पेटंट १९३३ चं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या पाठीवर १५ किलोच्या आसपास वजनाचा एससीआर-३०० हा एफएम सेट आला, पहिली वॉकीटॉकी म्हणतात ती हीच, आणि युद्धानं हे तंत्र एकदम पक्कं केलं. त्याच काळात पेनसिल्व्हेनिया रेल्वेनं ट्रेनफोन आणला, इंजिनाच्या छतावर कठड्यासारखी दिसणारी अँटेना असायची, पण तो खरा रेडिओ नव्हे, वुड्सच्याच तत्त्वावर रूळ आणि लगतच्या तारांमधून आवाज न्यायचा. १९४५ मध्ये तिथल्या सरकारनं रेल्वेला व्हीएचएफ या रेडिओपट्ट्यातले ६० चॅनल वेगळे काढून दिले, तेव्हा कुठे तारांशिवाय चालणाऱ्या खऱ्या रेडिओचा रस्ता खुला झाला. पुढे ट्यूबच्या जागी चिमुकले ट्रान्झिस्टर आले, सेट हातात मावायला लागला, आणि साठच्या दशकात ट्रेनफोन बंद पडला.

पण ज्या गार्डसाठी एवढी खटपट केली तो अमेरिकेत ऐंशीच्या दशकात कबूससकट गेलाच, आता शेवटच्या वॅगनला लावलेला एक डबा ब्रेकच्या हवेचा दाब रेडिओवरून इंजिनाला कळवतो. तिथल्या कामगार संघटनांनी याला विरोध केला होता, आणि मला तो रास्त वाटतो, कारण तापलेलं ॲक्सल मागून बघणारे डोळे त्या डब्याला नाहीत.