वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे : पेट्रोलच्या भावाचे आलेख

प्रश्न : अमेरिकेतल्या पेट्रोलच्या भावाचा २०१२ सालचा एक टीव्हीवरचा आलेख पाहिला. त्यात तीनच बिंदू होते : ‘मागच्या वर्षी’ गॅलनला ३.१७ डॉलर, ‘मागच्या आठवड्यात’ ३.५१ आणि ‘सध्या’ ३.५७. रेषा तर सरळ चढत गेलेली दिसते. मग यात चूक कुठे आहे? (एडिसन, न्यू जर्सी)

आकडे खोटे नाहीत, गोंधळ आडव्या अक्षावर आहे. पहिल्या दोन बिंदूंमध्ये जवळजवळ ५१ आठवडे आहेत, पुढच्या दोघांत एकच आठवडा. दोन्ही अंतरे सारखीच काढली की पहिला तुकडा उभा दिसतो आणि दुसरा सपाट. पाहणाऱ्याला वाटते, भाववाढ मंदावली. प्रत्यक्षात ५१ आठवड्यांत ३४ सेंट, म्हणजे आठवड्याला पाऊण सेंटही नाही, आणि शेवटच्या एकाच आठवड्यात ६ सेंट. वाढीचा वेग जवळपास नऊपट झाला होता. आलेख नेमके उलटे सांगतो.

दुसरी गोष्ट, मधले सगळे गायब आहे. अमेरिकेचे ऊर्जा माहिती प्रशासन (ईआयए) दर सोमवारचा किरकोळ भाव प्रसिद्ध करते. ती मालिका पाहिली तर भाव मे २०११ मध्ये ३.९६ डॉलरच्या आसपास पोचला आणि डिसेंबरात ३.२३ पर्यंत खाली आला होता. म्हणजे वर्षभरात एक चढ, एक उतार आणि पुन्हा चढ. तीन बिंदूंच्या रेषेत यातले काहीच उरत नाही.

ही चूक एक्सेलमध्ये नकळतही होते. तारखा मजकूर म्हणून टाइप झाल्या असतील, तर एक्सेल सगळे बिंदू समान अंतरावर मांडते. आडव्या अक्षाच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘डेट अ‍ॅक्सिस’ निवडा. तरीही अंतरे बदलली नाहीत, तर त्या स्तंभातल्या तारखा खऱ्या तारखा नाहीत असे समजा आणि आधी त्या दुरुस्त करा.

प्रश्न : दहा वर्षांच्या भावांची महिनावार सरासरी काढून केलेला एक स्तंभालेख माझ्याकडे आहे. जुलैचा स्तंभ डिसेंबरच्या कितीतरी पट उंच दिसतो. हंगामाचा परिणाम खरेच एवढा मोठा असतो का? (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

नाही. आधी उभा अक्ष कुठून सुरू होतो ते पाहा. समजा तो ३ डॉलरपासून सुरू होतो, डिसेंबरचा भाव ३.१० आहे आणि जुलैचा ३.४०. जुलैचा स्तंभ चौपट उंच दिसेल, पण भाव दहा टक्क्यांनीसुद्धा जास्त नाही. स्तंभालेखात आपण उंची वाचतो, म्हणून त्याचा तळ शून्यच हवा. रेषालेखात आपण उतार वाचतो, तिथे अक्ष ३ पासून सुरू केला तरी चालतो. शून्याचा नियम सरसकट सगळ्या आलेखांना लावण्याचा आग्रह आम्हाला पटत नाही.

खरी अडचण मात्र सरासरीत आहे. तुमच्या दहा वर्षांत २००८ असेल तर एक हिशेब करून पाहा. त्या वर्षी साध्या पेट्रोलचा जुलैचा सरासरी भाव ४.०६ डॉलर होता आणि डिसेंबरचा १.६९. फरक २.३७ डॉलर. दहाने भागा : जुलै आणि डिसेंबर यांच्या सरासरीत २४ सेंटचा फरक या एकट्या वर्षाने घातला. त्याचा उन्हाळ्याशी संबंध नव्हता. जागतिक मंदी आली आणि कच्चे तेल कोसळले. याउलट २००५ मध्ये कॅटरिना वादळामुळे सप्टेंबरात भाव उसळला आणि २०२० मध्ये टाळेबंदीमुळे एप्रिलमध्ये पडला. अशी वर्षे सरासरीत मिसळली की जो आकार दिसतो तो हंगामाचा नसतो, अपघातांचा असतो.

हंगाम वेगळा काढायचा असेल तर असे करा :

१. ईआयएच्या संकेतस्थळावरून मासिक भाव उतरवून घ्या. पहिल्या स्तंभात महिना, दुसऱ्यात भाव, आकडे ओळ २ पासून.

२. तिसऱ्या स्तंभात, ओळ ८ मध्ये, ओळी २ ते १३ च्या भावांची सरासरी आणि ओळी ३ ते १४ ची सरासरी काढून त्या दोन्हींची सरासरी लिहा. ही बारा महिन्यांची मध्यावर आणलेली चलित सरासरी. सूत्र खाली ओढा. दोन सरासऱ्या घ्याव्या लागतात, कारण बारा ही सम संख्या आहे. एकच घेतली तर तिचा मध्य दोन महिन्यांच्या मधोमध पडतो.

३. चौथ्या स्तंभात भाव भागिले चलित सरासरी, गुणिले १००. १०० म्हणजे त्या काळाच्या मानाने नेहमीचा भाव, १०५ म्हणजे ५ टक्के वर. डॉलरऐवजी गुणोत्तर घेतल्यामुळे महागड्या वर्षांचा वरचष्मा राहत नाही आणि महागाईचा प्रश्नही बराचसा सुटतो.

४. सगळे जानेवारी एकत्र, सगळे फेब्रुवारी एकत्र, असे गट करा आणि प्रत्येक गटाचा मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) घ्या, सरासरी नको. दहापैकी एखादे वर्ष भलतेच असले तरी मध्यक फारसा हलत नाही.

मालिकेच्या दोन्ही टोकांचे सहा-सहा महिने या पद्धतीत रिकामे राहतात. तिथे अंदाजाने काही भरू नका. चालू महिन्याचा भाव हंगामी आहे की नाही, हे ही पद्धत आज सांगू शकत नाही.

आलेख काढताना आडवा अक्ष जानेवारीऐवजी ऑक्टोबरपासून सुरू करून पाहा. भावाचा तळ बहुधा नोव्हेंबर ते जानेवारीत येतो. कॅलेंडर वर्षाच्या आलेखात त्याचे दोन तुकडे होऊन एक डाव्या टोकाला आणि एक उजव्या टोकाला जातो. ऑक्टोबरपासून मांडले की अख्खा खड्डा एका ठिकाणी दिसतो. आणि दहा वर्षांच्या दहा रंगीत रेषा एकावर एक काढू नका. नऊ करड्या ठेवा, चालू वर्ष एका ठळक रंगात काढा आणि साल रेषेच्या टोकाशीच लिहा.

तुम्ही कॅलिफोर्नियात असल्यामुळे एक जोड : देशाच्या आलेखावरून तुमच्या पंपाचा अंदाज बांधू नका. तिथे राज्याच्या स्वतःच्या, अधिक कडक नियमांचे पेट्रोलचे मिश्रण चालते आणि ते बनवणाऱ्या राज्याबाहेरच्या रिफायनऱ्या मोजक्या आहेत. त्यामुळे राज्यातली एखादी रिफायनरी बंद पडली की भाव लगेच उसळतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये असाच भडका उडाला, तेव्हा गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी हिवाळी मिश्रण (हिवाळ्यासाठीचे स्वस्त पेट्रोल, पुढचे उत्तर पाहा) मुदतीआधीच विकू द्यावे असे सांगितले. ईआयए कॅलिफोर्नियाची मालिका वेगळी देते, ती वापरा.

प्रश्न : अमेरिकेत लोक सर्वात जास्त गाड्या जुलै-ऑगस्टमध्ये चालवतात. मग भाव फेब्रुवारी-मार्चपासूनच का चढू लागतो? (डॅलस, टेक्सास)

कारण उन्हाळ्याचे पेट्रोल वेगळे असते आणि ते आधी तयार ठेवावे लागते. पेट्रोल किती सहज वाफ होते हे बाष्पदाबावरून ठरते. तो ३७.८ अंश सेल्सिअसला मोजतात. उन्हात जास्त वाफ झाली की जमिनीलगत ओझोन वाढतो, म्हणून पर्यावरण संरक्षण संस्थेने (ईपीए) उन्हाळ्यासाठी मर्यादा घातली आहे : बहुतेक भागांत ९ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचे एकक), ओझोनचा त्रास असलेल्या काही भागांत ७.८. दहा टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला बऱ्याच ठिकाणी १ पीएसआयची सूट मिळते. कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात हिवाळ्यात हाच दाब १५ पर्यंत चालतो, कारण थंड इंजिन सुरू व्हायला पुरेशी वाफ लागते.

हा फरक मुख्यतः ब्युटेन या सहज वाफ होणाऱ्या घटकाने साधतात. ब्युटेन स्वस्त असतो, पण त्याचा बाष्पदाब सुमारे ५२ पीएसआय. एक टक्का ब्युटेन घातला की मिश्रणाचा दाब साधारण अर्ध्या पीएसआयने वाढतो. हिवाळ्यात तो भरपूर घालता येतो. उन्हाळ्यात बहुतेक काढावा लागतो आणि तेवढी जागा महाग घटकांनी भरावी लागते.

आता तारखा पाहा. पंपांवर मर्यादा १ जून ते १५ सप्टेंबर लागू असते, पण रिफायनऱ्या आणि साठवण टाक्यांवर १ मेपासूनच. टाकीत थोडे जरी हिवाळी पेट्रोल उरले, तरी वर भरलेल्या मालाचा दाब वाढतो. म्हणून वसंतात जुना साठा उतरवत नेतात. बऱ्याच रिफायनऱ्यांची देखभालही त्याच सुमारास निघते. साठा कमी, उत्पादन कमी आणि नवा माल महाग, हे तिन्ही एकदम येते.

हे आलेखात स्वच्छ पाहायचे असेल तर कच्च्या तेलाचा वाटा वजा करा. एका पिंपात ४२ गॅलन. ब्रेंटचा (जागतिक बाजारात प्रमाण मानल्या जाणाऱ्या कच्च्या तेलाचा) भाव पिंपाला ८० डॉलर असेल तर भागिले ४२, म्हणजे गॅलनला १.९० डॉलर. पंपाच्या भावातून एवढे काढून उरलेल्या रकमेची रेषा काढा. कच्च्या तेलाच्या चढउताराखाली दबलेला हंगाम वर येतो. दोन्ही भाव एकाच आलेखात दोन उभ्या अक्षांवर मात्र काढू नका. अक्ष हवे तसे ताणून कोणतीही दोन भावंडे जुळी दाखवता येतात.

प्रश्न : पंपावर भाव वाढला, पण महागाईच्या बातमीत ‘पेट्रोल घसरले’ असे होते. कसे काय?

बातमीत हंगामी फेरफार वगळलेला आकडा होता. समजा त्या महिन्यात दरवर्षी भाव ५ टक्के वाढतो आणि यंदा ३ टक्केच वाढला. १.०३ भागिले १.०५, म्हणजे ०.९८ : जवळपास २ टक्क्यांची घट. तुमच्या खिशाचा हिशेब करायचा असेल तर मूळ आकडा पाहा, कल पाहायचा असेल तर हा.

प्रश्न : मुंबईच्या पेट्रोलचा असा हंगामी आलेख काढता येईल का? (ठाणे)

काढता येईल, पण त्यात हंगाम शोधू नका. १६ जून २०१७ पासून आपल्याकडे भाव रोज बदलण्याची पद्धत आली, तरी पुढे तो महिनोन्‌महिने एकाच जागी राहिला. मुंबईत १५ जुलै २०२२ ला राज्याने कर कमी केल्यावर भाव १०६.३१ रुपये झाला आणि १५ मार्च २०२४ ला १०४.२१ होईपर्यंत तिथेच होता. हे दोन बिंदू सरळ रेषेने जोडले तर भाव वीस महिने हळूहळू उतरत गेला असे दिसेल.

इथे पायऱ्यांचा आलेख हवा. एक्सेलमध्ये तो तयार मिळत नाही. प्रत्येक बदलाच्या तारखेला दोन ओळी लिहा, पहिलीत जुना भाव आणि दुसरीत नवा, आणि सरळ रेषांचा स्कॅटर आलेख निवडा. ‘स्मूद्ड लाइन’ची खूण काढून टाका. नाहीतर रेषा पायरीच्या कोपऱ्यावर वळण घेते आणि पंपावर कधीच नसलेले भाव दाखवते.