एकाच पोथीवर दोघं

प्रश्न : आमच्या डाळ मिलच्या वजनकाट्याच्या नोंदी एका फाइलीत साठतात, प्रत्येक नोंद बरोबर ६४ बाइटची. सी-मध्ये प्रोग्रॅम लिहिला. आधी फाइल ओपन केली, मग फोर्क, म्हणजे चालत्या प्रोग्रॅमची नक्कल करून दोन प्रोसेस केल्या. एका प्रोसेसनं तुरीचं वजन बेरजेला घ्यायचं, दुसरीनं नावांची यादी करायची. नोंदी १०००. पण एकीला ६१२ सापडायलेत, दुसरीला ३८८. पुन्हा चालवलं की आकडे बदलतात, बेरीज मात्र १०००च. फाइल खराब झाली काय?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : फाइल ठणठणीत आहे. बेरीज १०००च येते हे तुम्हीच लिहिलंय, गोम तिथंच आहे.

आमच्या गावच्या सप्ताहात एका वर्षी पोथ्या कमी पडल्या. मी आणि माझा चुलतभाऊ एकाच पोथीवर पारायणाला बसलो. मी पाणी प्यायला उठलो, परत येईपर्यंत त्यानं मोरपीस तीन पानं पुढं नेलेलं. मी आपला मोरपिसापासून वाचायला लागलो! ती तीन पानं माझी राहिली ती राहिलीच.

फाइल वाचणाऱ्या 'रीड' कॉलला आपण कुठून वाचायचं ते सांगतच नाही. फक्त कोणती फाइल, कुठं ठेवायचं आणि किती बाइट. जागेची खूण कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ठेवतो आणि जेवढे बाइट हाती आले तेवढी पुढं सरकवतो. ही खूण प्रोसेसची नसते, ओपन केलेल्या फाइलीची असते. फोर्कनं डिस्क्रिप्टरच्या, म्हणजे ओपन फाइलीला मिळालेल्या, आकड्याची नक्कल झाली, खूण एकच राहिली. त्या आकड्याची नक्कल करणाऱ्या 'डुप'चंही तसंच.

तेव्हा फोर्क आधी करा, ओपन नंतर, दोघींनी वेगवेगळं. किंवा 'पीरीड' वापरा. त्याला जागा आपणच सांगायची, कर्नलची खूण हलत नाही. मोजणी शून्यापासून, म्हणजे हजारावी नोंद ९९९ गुणिले ६४, अर्थात ६३,९३६ व्या बाइटपासून. 'एलसीक'नं खूण हवी तिथं नेऊन मग रीड करू, असं मनात येईल. (मी केलंय, एक रात्र घालवलीय.) त्या दोन कॉलच्या मधे दुसरी प्रोसेस शिरते आणि खूण पळवते.

पीरीड पाइपवर, म्हणजे दोन प्रोसेसमधल्या माहितीच्या नळीवर, चालत नाही, फाइलीवरच. आणि त्यानं किती बाइट दिले ते दर वेळी तपासा. काटा अजून लिहीत असेल तर शेवटची नोंद ४० बाइटचीच हाती लागू शकते.